मालक सोडून सगळे

घरच्या बागेमुळे भाजीचा खर्च वाचतो असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एक तर रोपवाटिका चालवतो, नाही तर त्याच्या घरचा हिशेब दुसरंच कोणीतरी ठेवतं. आमच्याकडे तो बायको ठेवते. कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, झारी आणि रोपवाटिकेवाल्याने 'हे लागेलच हो' म्हणत गळ्यात मारलेल्या यच्चयावत वस्तू धरून तिने आमच्या पहिल्या वांग्याची किंमत काढली आणि विचारलं, "शिजवायचं की लॉकरमध्ये ठेवायचं?"

पुण्यात तळमजल्याच्या फ्लॅटला बिल्डर मागच्या बाजूला चार हात जागा देतो आणि जाहिरातीत तिला 'प्रायव्हेट गार्डन' म्हणतो. तिथे माती सोडून सगळं असतं. खणायला घेतलं तसे विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटची रिकामी पोती असा ऐवज वर आला. एक गवंड्याची थापीही निघाली. थापी चांगली होती. खुरपं म्हणून ती मी अजून वापरतो. त्या बागेतला तेवढाच काय तो निव्वळ नफा.

अशा जमिनीला ताकद हवी म्हणून जीवामृत करायचं ठरवलं. सुभाष पाळेकरांनी गावोगावी पोहोचवलेली ही कृती साधी आहे: शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ आणि मूठभर चांगली माती पाण्यात कालवून सावलीत आंबवायची. प्रमाण एकराचं, म्हणजे 200 लिटर पाण्याचं. ते चार हातांवर आणायला त्रैराशिक मांडावं लागलं. आता, आमच्या घरात मी भजी मागितली की कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट दाखवतात, आणि मिरचीच्या रोपांसाठी बेसनाचा डबा उघडायचा! दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले, ड्रेनेजची सगळी झाकणं उघडून बघितली, आणि काही सापडेना तेव्हा संशयाने माझ्याकडे बघत गेले. मिरचीची पानं यथावकाश आक्रसलीच. शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात. बेसन खाऊनही बोकड्या झाला, याचं बायकोला विशेष वाटलं.

दुधीचा वेल मात्र न मागता चढला. दुधीची पांढरी फुलं दिवस मावळताना उमलतात. नर फूल लांब देठावर नुसतंच मिरवतं आणि मादी फुलाच्या मागे बोटाएवढा लवदार दुधी आधीच बसलेला असतो. परागकण पोहोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. आमच्याकडे दिव्यांच्या झगमगाटात पतंग सगळे पार्किंगमध्ये, वेलाकडे कोणी फिरकेना. मग ते काम मालकाकडे आलं. संध्याकाळी टॉर्च घेऊन मी एका नर फुलाच्या पाकळ्या काढून ते मादी फुलाला टेकवत होतो, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आजींनी हटकलं, "अहो, अंधारात काय चाललंय?"

"लग्न लावतोय, आजी."

"चातुर्मासात?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

मुहूर्त नसूनही संसार झाला. दुधी धरले, फुगले, कोपरापर्यंत लांब झाले. मग लक्षात आलं की आमच्या घरात दुधी कोणीही खात नाही. आजींना मात्र दुधी हलवा फार आवडतो.

कोथिंबिरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धणे रगडून, दोन फाका करून पेरले. त्यातले निम्मे मुंग्यांनी उचलले, उरलेले उगवून थेट फुलांवर गेले. भाजीवाली मूठभर कोथिंबीर पिशवीत फुकट टाकते, ती घ्यावी आणि गप्प बसावं.

खरी पंचाईत लिंबाने केली. एका सकाळी त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली. जवळ जाऊन बघतो तर शीट चालत होती! ती अळी होती. लहानपणी तिचा रंगच तसा असतो, म्हणजे पक्षी तिला खायला धजत नाही. चार-सहा पानं पोटात गेल्यावर ती हिरवीगार होते आणि डोक्याच्या मागे दोन खोटे डोळे काढून बसते. काडीने जरा डिवचलं तर मानेपाशी केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर पडली आणि सोबत असा उग्र वास, की काडी माझ्या हातून सुटली.

निंबोळी अर्काचा पंप हातात घेतला आणि तिथेच हात थांबला. ब्लू मॉरमॉन, मराठीत राणी पाकोळी, हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. 2015 साली तसं जाहीर झालं, आणि राज्याला स्वतःचं फुलपाखरू देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. आणि ही राणी अंडी घालते ती नेमकी लिंबाच्या जातकुळीतल्या झाडांवर! साधं लिंबाचं फुलपाखरूही तिथेच घालतं आणि दोघांच्या अळ्या माझ्यासारख्याच्या नजरेला सारख्याच. फवारा मारावा आणि नेमकी राज्याचं मानचिन्ह असलेली व्यक्ती गतप्राण व्हावी? मी पंप खाली ठेवला. पुढे आठवडाभर तिची बडदास्त शासकीय विश्रामगृहात ठेवतात तशी ठेवली. बुलबुल आला की मी टाळ्या वाजवत धावायचो. झाडाला पान म्हणून उरलं नाही. अखेर कुंपणाच्या तारेवर कोष झाला, एका सकाळी तो फुटला, आणि बाहेर आलं काळ्या पंखांवर पिवळट ठिपक्यांचं साधं लिंबाचं फुलपाखरू. निळ्या रंगाचा मागमूसही नाही. पाहुणचार करून घेतला आणि ओळखपत्र शेवटपर्यंत दाखवलं नाही.

जास्वंदीचे गिऱ्हाईक मात्र माणसंच. पहाटे फिरायला जाणारे एक सद्गृहस्थ काठीला आकडा बांधूनच निघतात. फांदी कुंपणाबाहेर ओढून कळ्यांसकट ओरबाडतात. हटकलं तर म्हणाले, "देवासाठी घेतोय." म्हणजे पुण्य त्यांच्या खात्यावर, आणि त्याच फांद्यांवरचे पिठ्या ढेकूण माझ्या. त्या ढेकणांच्या अंगातून गोड चिकट रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. तेव्हा जास्वंदीला रखवालदार आहेत, पण ते किडीच्या बाजूचे. एकूण आमची बाग ही खानावळ आहे, आणि तिथे पैसे भरणारा एकच मेंबर उपाशी आहे.

पुदिन्याविषयी वेगळं सांगायला हवं. बाजारच्या जुडीतले उरलेले देठ मी नुसते मातीत खुपसले होते. आता तो तुळशीच्या कुंडीत आहे, फरशीच्या फटीत आहे आणि सेक्रेटरींच्या त्या ड्रेनेजच्या झाकणाभोवतीही आहे. त्याला कोणी खात नाही, कोणी चोरत नाही. तेव्हा ज्यांना हवा असेल त्यांनी जरूर या, येताना मोठी पिशवी आणा आणि शक्य तर मुळासकट न्या. चटणी परत पाठवायची गरज नाही. जास्वंदीला मात्र हात लावायचा नाही. देवाला हवं असेल तर त्याने स्वतः यावं.