तांदळाचा भाव आणि मरीनावरची जागा

चेन्नईत मुख्यमंत्र्यांच्या स्मारकांचे दोन पत्ते आहेत. मरीनाच्या वाळूत अण्णादुराई, एमजीआर, जयललिता आणि करुणानिधी. गिंडीला गांधी मंडपमच्या आवारात राजाजी, कामराज आणि भक्तवत्सलम. 2018 साली करुणानिधी गेले तेव्हा सरकार गिंडीची जागा देत होतं; द्रमुकनं रातोरात उच्च न्यायालय गाठलं आणि मरीना मिळवला. किनाऱ्यावर रोज हजारो माणसं येतात. गिंडीला मुद्दाम जावं लागतं.

माझ्या मते या दोन पत्त्यांमधली रेघ 1967 सालच्या निवडणुकीतच ओढली गेली, आणि ती बरीचशी तांदळानं ओढली.

लागोपाठ दोन वर्षं देशात दुष्काळ. मद्रास राज्यात तांदूळ महाग, रेशनच्या दुकानांपुढे रांगा. हिंदीविरोधी आंदोलनातल्या गोळीबाराचा राग होताच, तो कमी लेखण्याचं कारण नाही. पण राग भाषेचा असो की आणखी कशाचा, रिकाम्या डब्याशेजारी तो दुप्पट होतो. द्रमुकच्या अण्णादुराईंनी नेमकी नस पकडली: रुपयाला तीन पडी तांदूळ. पडी म्हणजे आपल्या शेरासारखं तिकडचं धान्याचं माप. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम श्रीपेरुंबुदूरला पडले होते. ज्यांनी शाळेत पोरांना जेवण सुरू केलं ते कामराजही त्यांच्याच विरुदुनगरात एका विद्यार्थी नेत्याकडून 1,285 मतांनी हरले.

तीन पडी काही मिळाले नाहीत. रुपयाला एक पडी मिळाला, तोही चेन्नई आणि कोइम्बतूरमध्ये, आणि तिजोरीला झेपेना म्हणून पुढे तेही थांबलं. अण्णांच्या लोकप्रियतेला त्यानं ओरखडासुद्धा उमटला नाही. 1969 साली त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी जगातल्या सर्वांत मोठ्या गर्दींमध्ये मोजली जाते.

त्याच निवडणुकीत गोबीचेट्टीपाळयमला आणखी एक माणूस पडला, आणि माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे. सी. सुब्रमण्यम. 1964 पासून ते केंद्रात अन्न आणि शेती मंत्री होते. अमेरिकेचं जहाज बंदराला लागेल तेव्हा देश जेवेल, अशी तेव्हाची अवस्था. त्यांनी शेतकऱ्याला बरा भाव मिळावा म्हणून कृषी मूल्य आयोग आणला, अन्न महामंडळ उभं केलं. त्याचं पहिलं जिल्हा कार्यालय तंजावरला. 1966 साली विरोध अंगावर घेऊन मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं मागवलं. हिंदीच्या प्रश्नावर 1965 साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामाही दिला होता. तरी पडले. पुढच्याच हंगामात गव्हाचं पीक सुमारे 1 कोटी 65 लाख टनांवर गेलं. त्याआधीचा विक्रम सव्वा कोटीच्या आतला. 1968 साली गहू क्रांतीचं टपाल तिकीट निघालं, तेव्हा ते मंत्री नव्हते.

अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांचंही असंच झालं. 1979 साली त्यांनी पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेवर नेमलं. व्होल्कर यांनी महागाई मोडायला व्याजदर कडाडून चढवले, कर्ज महागलं, आणि 1980 साली लोकांनी कार्टरना घरी बसवलं. महागाई उतरली ती रेगन यांच्या कारकिर्दीत, आणि 1984 साली मतंही त्यांनाच पडली.

मतदार चुकला असं मी म्हणणार नाही. पाठीवर मारा पण पोटावर मारू नका, असं सांगणारी आपली माणसं. ज्या घरात आज चूल पेटायची आहे त्या घराला पुढच्या हंगामाचा वायदा ऐकवणं हा क्रूरपणा आहे. तांदळाचा भाव पाहून मत देणं ही लोकशाहीतली सर्वांत रास्त गोष्ट. चुकतो ते आपण, लिहिणारे. मतदाराला एका दिवसात निर्णय करायचा असतो. आपल्या हाती पन्नास वर्षं असतात, आणि तरी आपण त्याचाच तराजू उचलतो. जो जिंकला तो थोर, जो पडला तो नालायक. भक्तवत्सलम यांच्या नावापुढे टंचाई लिहून आपण मोकळे होतो, पाऊस कुणी अडवला होता हे विचारतही नाही.

महाराष्ट्रानं तरी सुब्रमण्यम यांना विसरायला नको होतं. 1990 ते 1993 ते आपले राज्यपाल होते. मुंबईच्या राजभवनात राहिलेल्या या माणसाचा आपल्या गव्हाच्या पोळीशी काय संबंध, हे आपल्या किती शाळकरी पोरांना सांगता येईल? 1998 साली त्यांना भारतरत्न मिळालं, ही बातमीही बहुतेकांच्या लक्षात नाही.

2010 साली त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारनं पाच रुपयांचं नाणं काढलं, त्यावर त्यांचा चेहरा आहे. 2013 साली चेन्नईत अम्मा उणवगम सुरू झाली. जयललितांच्या नावाच्या त्या खाणावळीत सांबारभाताची थाळी बरोबर एवढ्याच नाण्याला मिळते.