आनंदीबाई हाजीर हो!

रहस्यकथांशी माझं कधी जमलं नाही. ज्या वयात बाबूराव अर्नाळकर हाती पडायला हवे होते त्या वयात ते पडले नाहीत. पुढे जी.एं.च्या कथांची सवय लागली, आणि गोष्टीच्या शेवटी सगळं उलगडलं की काहीतरी बिनसल्यासारखं वाटू लागलं. देवासकराला हे शोभतंही म्हणा. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये इथे थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी सचिव होते. मायदेशी परतल्यावर १९२४ मध्ये त्यांची 'अ पॅसेज टू इंडिया' निघाली, आणि तिच्यातल्या गुहेत नेमकं काय घडलं ते कादंबरी संपली तरी त्यांनी सांगितलं नाही. आमच्या गावचं पाणीच तसं.

तेव्हा "मामा, नुसती चाळून बघा," म्हणत भाच्यानं जोसेफीन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' पुढ्यात टाकली, ती मी त्याचं मन राखायला उघडली. १९५१ सालची कादंबरी. पाय मोडून इस्पितळात पडलेला ग्रँट नावाचा एक पोलीस इन्स्पेक्टर. वेळ जाता जात नाही, म्हणून तो खाटेवरूनच पंधराव्या शतकातल्या एका खुनाचा तपास हाती घेतो. राजा तिसरा रिचर्ड, आणि त्यानं लंडनच्या टॉवरमध्ये संपवलेले दोन कोवळे पुतणे. इंग्लंडात हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पुस्तकात ना पाठलाग, ना गोळीबार. परिचारिका येतात-जातात, उशाशी ग्रंथ साचतात, आणि माणूस छताकडे बघत विचार करतो. ब्रिटनमधल्या रहस्यकथाकारांच्या संघटनेनं १९९० मध्ये सर्वोत्तम शंभर गुन्हेकथांत हिला पहिली जागा दिली, याचं मला आधी नवल वाटलं. मग रात्रीचे दोन वाजले आणि नवल ओसरलं.

पण काकानं पुतण्याला मारलं म्हटल्यावर मराठी वाचक इंग्लंडात किती वेळ टिकणार? मी थेट शनिवारवाड्यात पोचलो. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, गारदी आत घुसलेले, नारायणराव पेशवे उणेपुरे अठरा वर्षांचे. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष राघोबादादांच्या पदरात घातला. लोकांनी तो उचलून आनंदीबाईंच्या पदरात टाकला. पत्रातल्या 'धरावे'चं त्यांनी 'मारावे' केलं, ही गोष्ट पोराटोरांच्या तोंडी आहे. ते पत्र मात्र आजवर कोणी पुढे केलेलं नाही. त्यातून १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री'त आनंदीबाई झाल्या ललिता पवार. आता जामीन कसला मिळतो!

आणि ही आरोपी काही परकी नव्हे, आमच्या धारची. बारभाईंच्या फौजा मागे लागल्यावर दादांनी गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवलं, खंडेराव पवारांच्या भरवशावर. १० जानेवारी १७७५ ला तिथेच दुसरे बाजीराव जन्मले. किल्ल्यातला खरबुजा महाल दाखवून लोक आजही सांगतात, ती खोली इथली. ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा' लिहून मुलाची बाजू मांडली. आईचं वकीलपत्र घेणारा इन्स्पेक्टर ग्रँट काही मला भेटला नाही.

टेबाईंवर माझा एक राग आहे. त्यांचा इन्स्पेक्टर रिचर्डचं चित्र बघतो आणि हा चेहरा खुन्याचा नव्हे असं ठरवून टाकतो. असं चालतं होय? पुढचा तपास करतो तो सरळ, कोण कधी होतं, कोणाचा फायदा होता, ज्याच्या लिखाणावर सगळी मदार तो थॉमस मोर त्या वेळी केवढा होता (पाचेक वर्षांचा!). पण ओढा आधीच ठरलेला. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका मोटारतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, तेव्हा पाठीचा कणा वाकडा निघाला. म्हणजे बदनामी करणारेही अगदीच हवेतून बोलत नव्हते. खुनाबद्दल मात्र हाडं गप्प. ही कादंबरी मला का रुचली ते इथे समजलं. तिच्यात उलगडा होतो, आणि पुस्तक मिटल्यावर परत गुंता होतो.

तेव्हापासून मी गावाकडेही संशयानं बघतो. देवासात एकेकाळी थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. खून थोरल्या पातीत, खुनी धाकट्या पातीत, आणि हद्दीवर हुज्जत घालणारे दोन फौजदार! फॉर्स्टर एवढा ऐवज सोडून गेले.

धारच्या आत्याला फोनवर आनंदीबाईंचा खटला सांगितला. ती म्हणाली, "अरे, दिवस भरत आलेली बायको किल्ल्यात ठेवून दादा गुजरातेकडे इंग्रजांशी बोलणी करायला! तुझ्या त्या इन्स्पेक्टरला सांग, आधी त्यांना बसव समोर." मग मला रिचर्डचीही गोष्ट सांगावी लागली. तिनं मध्येच विचारलं, "मारलेल्या पोरांना बहीण होती का?"

"होती. एलिझाबेथ."

"दिली कोणाला?"

"रिचर्डला लढाईत पाडून जो गादीवर बसला, त्या सातव्या हेन्रीला."

"मग झालं की! सासरचं राज्य गिळायचं म्हटल्यावर मेव्हणे आड येणारच. जावयाला धरा."

ग्रँटला ह्यासाठी अख्खी कादंबरी लागली होती.