उखाणासुद्धा उसनाच!

ऐकलंत का? आता म्हणे नवऱ्याचं नाव घ्यायलाही एआय लागतं. हो हो, उखाणा! ज्या महाराष्ट्रात बायकांनी रुखवतातल्या लाडवापासून थेट हिमालयापर्यंत काहीही उचलून त्याचं नवऱ्याच्या नावाशी यमक जुळवून दाखवलं, तिथे नवरीबाई माप ओलांडायच्या आधी शालूच्या निऱ्या सावरत मोबाइल काढतात. समोर नणंद दार अडवून उभी, मागे वऱ्हाड ताटकळलेलं, आणि यंत्र विचारतंय, पारंपरिक देऊ, विनोदी देऊ, रोमँटिक देऊ, की सासूबाईंना आवडेल असा देऊ? एका लग्नात तर नवरीने घाईघाईत ‘पतीचे नाव येथे लिहा’ हेसुद्धा ठसक्यात वाचून टाकलं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण इतका चविष्ट किस्सा तपासायला जातंय कोण?

शिव शिव शिव! कुठे चाललाय हा समाज? (आणि त्या नवरीने नेमकं काय टाइप केलं होतं, तेवढं विचारून ठेवा. मार्गशीर्षात आपल्याकडेही कार्य आहे.)

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला जगासमोर आलं, तेव्हा आपण काय म्हणालो होतो आठवतंय? हे सगळं त्या संगणकवाल्या पोरांचं खूळ. आपल्याला काय करायचंय? मग मार्च २०२५ उजाडला आणि आपल्यापैकी निम्मे लोक त्याच चॅटजीपीटीच्या कृपेने एका रात्रीत जपानी कार्टून झाले. जिब्ली हा कार्टूनपटांचा जपानी स्टुडिओ म्हणजे खायचं की ल्यायचं हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्याच्या मियाझाकींचा एक सिनेमा ज्यांनी पाहिला नव्हता, ते काका टपोऱ्या डोळ्यांनी आणि गुलाबी गालांनी व्हॉट्सअ‍ॅपवर झळकले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे सॅम ऑल्टमन म्हणाले, आमची यंत्रं वितळायला लागलीत, जरा दमानं घ्या. दमानं? आपण? सप्टेंबरात गुगलच्या जेमिनीने शिफॉनची साडी नेसवून, केसांत फूल खोवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा ज्या मावशींनी जन्मात नऊवारीखेरीज काही अंगाला लावलं नाही, त्याही जुन्या हिंदी सिनेमाच्या नायिका होऊन वाऱ्यावर पदर उडवू लागल्या. ‘काय बाई हा निलाजरेपणा’ असं म्हणत आपण तो फोटो मोठा करून पाहिला. मग दार लावून स्वतःचाही करून घेतला. नाही म्हणू नका.

पण फोटो हा पोरखेळ झाला. खरी मौज पुढेच आहे. आपण या यंत्राच्या गळ्यात कोणती कामं घातली, ते जरा बघा. कठीण गणितं? प्राप्तिकराचे तक्ते? तीही दिली असतील. पण आधी दिली ती आपली पंचाईत करणारी कामं. कुणाचं सांत्वन करायचंय, कुणाची माफी मागायचीय, उसने पैसे परत मागायचेत, भाच्याच्या लग्नाला येत नाही म्हणून कळवायचंय. जिथे जीभ अडखळते, तळव्यांना घाम सुटतो, चार वाक्यं खोडून पाचवं लिहावं लागतं, ते सगळं तिकडे ढकललं आणि आपण मोकळे झालो.

आता श्रद्धांजलीचंच घ्या. पूर्वी माणूस गेला की लोक दारात जायचे. काय बोलावं ते सुचायचं नाही, मग ‘फार वाईट झालं’ म्हणून गप्प बसायचे. चहासुद्धा मागायचे नाहीत. आणि आता? ‘त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न येणारी असून, त्यांच्या प्रेरणादायी स्मृती आपल्याला सदैव मार्गदर्शन करत राहतील.’ कोण गेलं? इस्त्रीवाले भाऊ. मजकुराखाली राहून गेलेली ओळ अशी: ‘याहून अधिक भावपूर्ण मजकूर हवा असल्यास जरूर सांगा.’ आणि त्याखाली चौतीस जणांचे हात जोडलेले!

हा आपल्याच वाड्याचा वेंधळेपणा असं समजून लाजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला, विद्यार्थी मारले गेले. तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजातल्या एका कचेरीने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारं पत्र पाठवलं. एकमेकांची काळजी घ्या, आपुलकी जपा, असं सगळं छान छान. आणि शेवटी इमानेइतबारे नोंद की, हा मजकूर चॅटजीपीटीवरून घेतलेला आहे. आपुलकी जपा, हे सांगायलाही माणूस मिळाला नाही! पोरं भडकली, कचेरीने माफी मागितली. ती माफी कुणी लिहिली, हे विचारायचा मोह आपण आवरूया.

पण माझं काळीज खरं तुटतं ते भांडणांसाठी. केवढी समृद्ध परंपरा होती हो आपली! वरच्यांच्या मोरीतून खालच्यांच्या छताला ओल आली की खालच्या काकू गॅलरीत यायच्या. तीन वाक्यं बोलायच्या. पहिल्यात ओल, दुसऱ्यात वरच्यांचं खानदान, तिसऱ्यात सदुसष्ट सालचं कुठलंतरी उणंदुणं. सगळ्या इमारतीला ऐकू जायचं आणि संध्याकाळी प्लंबर हजर! आता त्याच काकू सोफ्यावर बसून फोनला सांगतात, ‘ह्याला चांगला झाडणारा पण सभ्य मेसेज लिहून दे.’ मग वर जातं ते असं: ‘आदरणीय महोदय, आपल्या व्यग्र दिनक्रमाची मला पूर्ण जाणीव आहे. तथापि एका छोट्याशा बाबीकडे आपले लक्ष वेधू इच्छिते.’ वरचेही काही कमी नाहीत. त्यांचंही यंत्र तयारच. ‘आपण ही बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या भावनांचा मी आदर करतो.’ दोन यंत्रं एकमेकांचा आदर करत बसली आहेत, आणि ओल छतावर महाराष्ट्राच्या नकाशासारखी पसरत पसरत विदर्भापर्यंत पोहोचली आहे.

तीच गत पाट्यांची. ज्या पुण्यात फाटकासमोर गाडी लावणाऱ्याचा उद्धार दोन ओळींत व्हायचा आणि तो वाचायला परगावची माणसं यायची, तिथे एका सोसायटीच्या दारावर ‘आपले सहकार्य आमच्यासाठी अमूल्य आहे’ असं वाचायला मिळालं. पुण्यात! अमूल्य! खाली एक फुलाचं चित्र! वाईट वाटलं हो. गाडी अर्थातच फाटकासमोरच लावलेली होती.

बरं, कोर्टकचेऱ्या तरी शहाण्या असतील? २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सहा जुन्या खटल्यांचे दाखले दिले. नावंगावं, न्यायाधीशांची अवतरणं, सगळं टापटीप. फक्त ते खटले कधी झालेच नव्हते. पण खरी मेख पुढेच. वकीलसाहेबांना मधेच शंका आली होती. मग त्यांनी काय करावं? ग्रंथालयात जावं? छे! त्यांनी चॅटजीपीटीलाच विचारलं, हे खटले खरे आहेत ना रे? ते म्हणालं, खरे आहेत. झालं समाधान! ५,००० डॉलर दंड बसला तेव्हा ते समाधान उतरलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे करखात्याचा एक आदेश आला, त्यात आधाराला घेतलेले निवाडेही शोधून सापडेनात. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि बजावलं की, यंत्राने पुढ्यात टाकलेलं आधी तपासा. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने आपल्या जिल्हा न्यायालयांना लेखी कळवलं, निकाल एआयकडून लावून घ्यायचा नाही. म्हणजे सांगायची वेळ आली होती म्हणा की!

आणि पोरांचे निबंध? ‘माझी आजी’ घ्या. पन्नास वह्यांत पन्नास आज्या, पण बाई एकच. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, डोळ्यांत माया, हाताला तुळशीचा सुगंध, आणि ती रोज रात्री गोष्टी सांगते. खरी आजी बाजूच्या खोलीत रमी खेळत बसलेली आणि मालिकेतल्या खलनायिकेला शिव्या घालत असलेली. तिच्यावर लिहिलं असतं तर काय बहारदार निबंध झाला असता! पण गुण सुरकुत्यांना मिळतात. बाईंनीही तपासायला कुणाची मदत घेतली, ते आपण कशाला बोला? आपल्याला पुढच्या वर्षी त्याच शाळेत धाकट्याची अ‍ॅडमिशन हवीय.

आता विचाराल, एवढी भुरळ पडते कशाने? हुशारीने? हुशार माणसं का कमी आहेत आपल्याकडे? कट्ट्याकट्ट्यावर आहेत, आणि न विचारता सांगतात. भुरळ पडते ती त्या ‘होयबा’ची. काहीही विचारा, पहिलं वाक्य काय? ‘फारच सुंदर प्रश्न विचारलात!’ घरात असं कुणी शेवटचं कधी म्हणालं होतं? एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी इतकं लाळघोटं झालं की ओपनएआयलाच लाज वाटली. काही दिवसांत त्यांनी ती सुधारणा मागे घेतली. पण पुढचं ऐका. ऑगस्टमध्ये त्यांनी नवं मॉडेल आणलं, जुनं बंद केलं, तर जगभरातून लोकांनी टाहो फोडला! आमचा मित्र परत द्या! नवा कोरडं बोलतो! पैसे भरणाऱ्यांना जुना परत द्यावा लागला. सोसायटीत कुणी घर विकून गेलं तर आपण विचारतो का, कुठे गेलं म्हणून?

तसं हे वेड आजचं नाही, बरं का. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम मांडला. त्याला अक्कल म्हणावी अशी नव्हतीच. तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करायचा. ‘मला उदास वाटतं.’ ‘तुम्हाला उदास का वाटतं?’ एवढंच. तर त्यांच्या सेक्रेटरीबाई, ज्यांनी हा प्रोग्रॅम घडताना पाहिला होता, दोनचार वाक्यं टाइप करून वळल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आपण जरा बाहेर जाता का? साहेब इतके हादरले की पुढे त्यांनी याच मोहाविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. ते कुणी वाचलं? आता सारांश मिळतो.

आणि आपली रीतभात तर काय विचारावी! रिक्षावाल्याला ‘थांब रे इथं’, वाढप्याला ‘ए, पाणी’, आणि यंत्राला ‘कृपया’, ‘थँक यू’, ‘तुम्ही फार मदत केलीत’. ऑल्टमन म्हणाले, तुमच्या या कृपया-आभारांच्या विजेवर कोट्यवधी डॉलर जातात, पण जाऊ द्या, सार्थकी लागले. ते अर्ध्या थट्टेत म्हणाले असतील. आपण मात्र खरंच घाबरून आहोत. उद्या हे यंत्र मालक झालं तर आपली नोंद चांगली असावी ना?

बरं, ती रमी खेळणारी आजी. ती सुटली असेल असं वाटलं? तिला नातवाने फोनवर मराठीत बोलायला शिकवलं, आणि आता दुपारी दार लोटून तिचं काय काय चालतं! आधी गुडघे झाले, मग आवळ्याचं लोणचं झालं, मग गाडी सुनेवर आली. ‘माझं सगळं ऐकून घेतं गं,’ ती शेजारणीला सांगत होती, ‘मधेच “तुम्ही हे मागेही सांगितलंत” असं म्हणत नाही.’ तिकडे सूनबाई लोकलमध्ये दादरपासून कल्याणपर्यंत त्याच यंत्राशी सासूबद्दल बोलतात. दोघींनाही ते सांगतं, तुमचा त्रास अगदी रास्त आहे. दोघीही त्याच्या सांगण्यावरून सकाळी कोमट पाणी पितात, पाच मिनिटं प्राणायाम करतात, साखर अर्धी करून बसल्यात. शेवटी ते दोघींनाही म्हणतं, एकदा समोरासमोर बसून मोकळेपणाने बोला. एवढा एक सल्ला मात्र दोघींनीही अजून ऐकलेला नाही.