काकांचं मध्यंतर

रायपूरच्या पुरानी बस्तीत सिनेमाचं परीक्षण एका शब्दात व्हायचं. 'चालला' किंवा 'बसला'. श्याम टॉकीजमधून सुटलेली माणसं बुढा तालाबाच्या काठाने घरी येईपर्यंत निकाल लागलेला असायचा आणि महामाया मंदिराच्या गल्लीत तो माझे काका जाहीर करायचे. वीज मंडळात नोकरी असल्याने अंधारात त्यांचं मन रमे. ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांना ते ओट्यावर बसून अख्खी ष्टोरी सांगत, मारामारीसकट. काही जण म्हणत, मूळ सिनेमापेक्षा काकांचा बरा.

जागतिक सिनेमाची त्यांची हद्द 'कहि देबे संदेस'पाशी संपायची. मनु नायक यांचा १९६५ चा हा पहिला छत्तीसगढी चित्रपट, आणि त्यात मोहम्मद रफी छत्तीसगढीत गायले आहेत. "रफीसाहेब आपल्या बोलीत गाऊन गेले, आता जगाचं काय पाहाचं राहिलं बे?" असा त्यांचा सवाल असे. त्याला उत्तर नव्हतं. ते मिळालं पुण्यात, आणि तेही आत्येभावाच्या गैरसोयीमुळे.

झालं असं, की जानेवारीत एका लग्नानिमित्त आम्ही दोघे आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला गेलो. लग्न उरकलं, परतीचं आरक्षण आठवडाभर पुढचं. कोथरूडचा फ्लॅट दोन खोल्यांचा, आत्येभाऊ बंडू आणि वहिनी दोघेही आयटीत, घरूनच काम. काकांना चालू मीटिंगमध्ये मागून जाऊन पडद्यावरच्या साहेबांना नमस्कार करायची सवय लागली. तिसऱ्या नमस्कारानंतर आत्येभाऊ म्हणाला, "मामा, इथे बसून कंटाळाल. पिफ सुरू आहे, तुमचे पास काढलेत." भाच्याच्या मायेत सकाळी नऊ ते रात्री अकरा घर मोकळं राहण्याची सोय किती, हे मी मोजत बसलो नाही.

पिफ म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००२ पासून चालू आहे, संचालक डॉ. जब्बार पटेल. काकांनी दारावर पहिलं पोस्टर पाहिलं आणि स्वयंसेवक मुलीला विचारलं, "कोणाचा आहे हा?"

"हंगेरीचा, काका."

"ते ठीक आहे. हीरो कोण?"

तिने दिग्दर्शकाचं नाव सांगितलं. काका माझ्याकडे वळले. "डायरेक्टरचं नाव सांगतात म्हणजे बसलेला दिसतो."

महोत्सवाचं खरं शिक्षण रांगेत होतं. आमच्या पुढचे गृहस्थ वेळापत्रकावर तीन रंगांत खुणा करून आले होते. सकाळी इराण, दुपारी रोमानिया, मधल्या वेळात साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी कोरिया. एवढी फिरती तर परराष्ट्र खात्यातही नसेल. मागच्या बाईंनी आमचं बोलणं ऐकून विचारलं, "कुठले तुम्ही?" रायपूर म्हटल्यावर म्हणाल्या, "अय्या, मराठी किती छान बोलता हो!" भोसल्यांच्या अमदानीत आमचे पूर्वज छत्तीसगडात गेले. तेव्हापासून पुण्यात येऊन दर वेळी हा दाखला घ्यावाच लागतो.

तीन रंगांचे गृहस्थ मात्र 'रायपूर' ऐकून एकदम ताठ झाले. "म्हणजे सद्गती!"

काका गडबडले. आमच्याकडे हा शब्द कोणी गेल्यावर काढतात.

"अहो, सत्यजित राय! १९८१. दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर केला. तुमच्या रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत चित्रीकरण झालं. ओम पुरी, स्मिता पाटील. आणि मजा बघा, आपला मोहन आगाशे 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस, आणि राय यांनी त्याला केलं घासीराम! पंडित घासीराम! नाटक बसवलं होतं कोणी? जब्बारने. तोच हा महोत्सव चालवतो."

एका दमात त्यांनी पुणे, कलकत्ता आणि आमची बस्ती एका दोरीत ओवली. काका इतका वेळ गप्प राहिलेले मी क्वचितच पाहिले आहेत. हजारावर किलोमीटर प्रवास करून आपल्या अंगणात काय घडलं ते दुसऱ्याकडून ऐकायचं, हे त्यांना जिव्हारी लागलं असावं.

मग आम्ही ओझूचा 'टोकियो स्टोरी' पाहिला. १९५३ चा, जपानी. कॅमेरा जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेएवढा खाली. थिएटरातले अभ्यासू लोक त्यावर कुजबुजत होते, पण पाटावर जेवून वाढलेल्या काकांना त्यात वेगळं काही वाटलंच नाही. "नीट बसवला आहे कॅमेरा," एवढंच म्हणाले. गोष्ट अशी, की म्हातारा-म्हातारी गावाहून टोकियोला मुलांकडे येतात. मुलं कामात. शेवटी मुलं वर्गणी काढून आईबापांना अटामी नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी धाडून देतात. तिथल्या हॉटेलात रात्रभर गोंगाट, बिचाऱ्यांना झोप नाही. युद्धात नवरा गमावलेली धाकटी सून तेवढी सुट्टी काढून त्यांना शहर दाखवते.

अटामीचा प्रसंग आला आणि अंधारात काकांनी माझा दंड धरला. "अरे, बंडू आपल्याला अटामीला पाठवून राहिला!"

आजूबाजूच्या तीन ओळींना हे ऐकू गेलं. अभ्यासूंपैकी एकाने 'शू' केलं, दुसरा हसला. मला विचाराल तर त्या सिनेमावर त्या आठवड्यात झालेलं ते सर्वांत नेमकं भाष्य होतं.

रात्री घरी काकांनी ती गोष्ट ओट्यावरच्या जुन्या तयारीने सांगितली. सून नोरिकोचा भाग विशेष रंगवून. आत्येभाऊ लॅपटॉपात डोकं घालून बसला. वहिनींनी मात्र दुसऱ्या दिवसासाठी हाफ डे टाकला आणि म्हणाल्या, "मामा, उद्या मीही येते."

नेमका त्या दिवशी लागला बेला तारचा 'द तुरिन हॉर्स'. २०११ चा, कृष्णधवल, दोन तास सव्वीस मिनिटं, आणि एवढ्यात सगळे मिळून शॉट तीसच. बाप, मुलगी, घोडा आणि बाहेर सतत वारा. रोज मुलगी बटाटे उकडते, बाप एका हाताने साल सोलतो, तोंड भाजत खातो. संवाद जवळपास नाहीत.

काकूंनी प्रवासाला थेठरी आणि खुरमी दिली होती. खुरमी गोड, ती पहिल्या दिवशीच संपली. थेठरी म्हणजे बेसनात ओवा-तीळ घालून, लांब वळी दुमडून तळलेला प्रकार. ताजी असते तेव्हा कडक आणि आठवड्याने दात असेल तरच. दारावर पिशव्या तपासत होते, म्हणून काकांनी ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होती. पडद्यावर बापाने बटाट्याला हात घातला, थिएटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि काकांनी थेठरी मोडली.

कट्!

पुढच्या रांगेतल्या एकाने दचकून वर पाहिलं. छताकडे. काका निर्विकार. "ते जेवून राहिले, आपण का उपाशी बसाचं?"

आता अडचण अशी, की महोत्सवात मध्यंतर नसतं. साठी उलटलेल्या माणसाला याची झळ कशी बसते, हे तरुण आयोजकांच्या ध्यानात येत नसावं. काकांनी स्वतःचं मध्यंतर घेतलं. बाहेर गेले, चहा घेतला, रखवालदाराशी त्याच्या गावची चौकशी केली आणि सावकाश परतले.

"काय झालं, सूनबाई?"

"बटाटा खाल्ला, मामा."

"पुन्हा?"

"हो. आज कमी खाल्ला."

काका बसले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "कमी का खाल्ला असन बाप्पा?" आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. जगभरच्या समीक्षकांनी त्या सिनेमावर पानंच्या पानं लिहिली आहेत, पण त्यात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे.

रायपूरला परतल्यावर काकांनी गणपतीत आमच्या आवारात चादर बांधून 'बायसिकल थीव्ह्ज' लावला. डी सिकाचा, १९४८ चा. १९५२ साली आपल्याकडे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा हा दाखवला होता, आणि तो पाहून भारावलेल्या बिमल रॉय यांनी पुढल्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आणला. हे कळल्यावर काकांनी बलराज सहानींची रिक्षा इटलीच्या सायकलवरून आली, असं आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली होती. सिनेमा इटालियन, खाली इंग्रजी अक्षरं आणि चालू भाषांतर काकांचं. नायक सिनेमाचंच पोस्टर चिकटवत असताना सायकल जाते. काका ओरडले, "सइकिल चोरी होगे!" चौकातला सायकल दुरुस्तीवाला उठून उभा राहिला. शेवटपर्यंत त्याचं म्हणणं एकच, "पहले ताला काहे नहीं लगाया?" पोर बापाचा हात धरून गर्दीत निघालं तेव्हा मात्र तोही गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी 'सद्गती'. बावन्न-त्रेपन्न मिनिटांचाच आहे. ओम पुरीच्या दुखीला लाकूड फोडताना अडवणारा गोंड पडद्यावर आला आणि काका खुर्चीतून उठले. "अरे, हा तर आपला भैयालाल हेडाऊ! 'चंदैनी गोंदा' लोककला मंडळीचा गायक!" मग लाकूड फुटेना, दुखी कोसळला, आणि पंडित घासीरामने प्रेताला हात न लावता पायाला दोरी बांधून ते ओढत नेलं. भाषांतराची गरजच नव्हती. काकांनी 'चालला'ही म्हटलं नाही आणि 'बसला'ही. काकूंनी दिवा लावला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

आता पुण्या-मुंबईकडच्या भाच्या-पुतण्यांना एवढीच विनंती, की जानेवारीत रायपूरहून पाहुणे आले तर त्यांना पास जरूर काढून द्या, पण एक स्वतःसाठीही काढा. काका मध्यंतर करून आले की बटाट्याचं काय झालं ते सांगायला शेजारी कोणीतरी लागतं.