गाडी उचलून धरण्याबाबत

आदिलाबाद जिल्ह्यात थार घेणाऱ्याच्या गाडीला पहिल्या आठवड्यात हार पडतो, दुसऱ्या आठवड्यात मागच्या काचेवर कुणाचं तरी नाव चढतं आणि महिना उलटायच्या आत 'गाडी उचलायची का?' हा विषय निघतो. उचलायची म्हणजे जॅकवर नव्हे, कायमची. कॉइल स्प्रिंगच्या डोक्यावर दोन-तीन इंचांचा स्पेसर नावाचा ठोकळा बसवायचा, नाहीतर लांब स्प्रिंगा आणि लांब शॉकअप टाकायचे. जुनी पाट्यांची जीप असेल तर शॅकल लांब करायचा. कारण विचारलं तर तयार असतं. इकडे पाऊस दांडगा, माती काळी, उटनूरकडचे रस्ते खडकाळ, आणि मुख्य म्हणजे कुंटाल्याच्या धबधब्याला जायचंय. माझं म्हणणं असं की ही वाढीव उंची या जिल्ह्यात चिखलात कामाला येत नाही आणि कागदावर टिकत नाही. ती कामाला येते फक्त बसस्टँडसमोरून हळू जाताना. तो उपयोगही मी कमी लेखत नाही. पण त्याची किंमत काय पडते ते नीट मोजलं पाहिजे.

मोजायचं तर गाडीखाली चटई टाकून उताणं झोपावं लागतं. मागच्या दोन चाकांना जोडणारा एक जाड आस दिसतो आणि त्याच्या मधोमध लहानशा भोपळ्याएवढा लोखंडी गोळा. हा डिफरन्शियल. दगड पहिल्यांदा गाठतो तो यालाच. आता गंमत अशी की स्प्रिंग बसते आसाच्या वर. स्प्रिंग लांब केली की तिच्यावरचं सगळं वर जातं: चासी, सीट, मालक आणि मालकाची मान. गोळा असतो तिथेच राहतो, कारण तो चाकाला बांधलेला आहे, स्प्रिंगला नाही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं म्हणून वहाणा चिखलातून वर येत नाहीत. चढावर नाक घासणं आणि बांधावर पोट टेकणं कमी होतं हे मान्य. तेवढा न्याय स्पेसरला द्यायलाच हवा. पण कंपनीतून २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स घेऊन निघालेल्या थारला आदिलाबादचा कुठला बांध टेकतो हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

गोळा खरोखर वर न्यायचा तर मोठे टायर हवेत. थारच्या २४५/७५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर. हौशी लोक ३३ इंची चढवतात, म्हणजे ८३८. फरक ६४ मिलिमीटरचा, पण आस चाकाच्या मध्यावर असल्यामुळे गोळ्याच्या वाट्याला त्यातला अर्धाच येतो: ३२ मिलिमीटर, काडेपेटीच्या रुंदीपेक्षाही कमी. शिवाय चाक मोठं झालं ही बातमी स्पीडोमीटरला कुणी कळवत नाही. तो १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ १०८ ने पळत असते. कंपनी काटा मुळात थोडा पुढे ठेवते, त्यात काही माफ होईल, सगळं नाही. इथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी आहे, केंद्राने तिथे कारसाठी ठेवलेली मर्यादा १००, आणि कॅमेरा काही आपला स्पीडोमीटर वाचून चलान फाडत नाही.

तोलाचा हिशोब याहून वाईट. अमेरिकेची रस्तासुरक्षा संस्था गाडी किती उलटखाऊ आहे ते ठरवताना एक साधा भागाकार करते: दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग, भागिले गुरुत्वमध्याची उंची. थारच्या चाकांमधलं अंतर १५२ सेंटिमीटरच्या आसपास, अर्धं ७६. गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आहे असं धरलं तर उत्तर १.०९ येतं. उचलून तो ६ सेंटिमीटर वर नेला की ७६ भागिले ७६, म्हणजे बरोबर १. आकडा छोटा दिसतो. पण रानडुक्कर आडवं आल्यावर स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागतं, तेव्हा परीक्षा याच दशांशाची होते. पुढच्या चाकांचं दुखणं निराळंच. त्यांच्याकडे जाणारे एक्सल आता जास्त तिरके फिरतात, त्यांच्यावरचा रबरी बूट चिरतो, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं आणि रिकाम्या जागेत चिखल मुक्कामाला येतो.

यावर बैलगाडीचा दाखला हमखास पुढे येतो. आपली बंडी उंचच होती की! (बंडी हा शब्द पेनगंगेच्या दोन्ही काठांवर चालतो, वऱ्हाडात तो बैलांपुरता, तेलुगूत कुठल्याही वाहनाला.) खरं आहे. पौष अमावास्येच्या नागोबा जत्रेला मेस्राम मंडळींच्या बंड्या आजही केसलापूरला जातात, आणि त्यांची चाकं पाहिली की ३३ इंची टायर खेळण्यातला वाटतो. पण बंडीचा आसच उंचावर असतो, खाली लोंबणारा गोळा नसतो, आणि तिचा वेग बैल ठरवतो. बैल नाल्याच्या काठाशी थांबून आधी विचार करतो. ही सोय कुठल्याच लिफ्ट किटमध्ये येत नाही.

मातीचंही असंच गैरसमजाचं आहे. रेगडी, म्हणजे इथली काळी माती, ओली झाली की फुगते आणि चिकटते. जैनथ-बेल्याकडच्या कपाशीच्या वावरात टायर दोन वेढे फिरला की त्याच्या खाचा गच्च भरतात आणि महागाचा मड टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. गाडी फसते ती उंची कमी पडून नव्हे, पकड सुटून. मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दोर टाकण्याआधी ट्रॅक्टरवाला गाडीची उंची मोजत नाही, मालकाची निकड मोजतो.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला हे आणखी स्पष्ट केलं. कारण सरळ आहे. गाडीचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो. अशी एक संस्था पुण्यात एआरएआय, जिच्या टेकडीवर पुणेकर सकाळी चालायला जातात. ब्रेक, दिवे, तोल हे सगळं त्या उंचीला तपासलेलं असतं. आपण ठोकळा घातला की रस्त्यावर धावते ती कुणीच न तपासलेली गाडी. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १८२ए सांगतं की नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' या शब्दाकडे लक्ष द्या. स्प्रिंग एक, टायर दोन, आणि पुढचा लोखंडी बुलबार तीन, ज्याच्यावर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय.

हुशार माणूस इथे विचारतो, आरसीत ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना कुठाय? नाही, कबूल. पण त्याच निकालाने मोजपट्टी आरसीच्या रकान्यांवर नाही, कंपनीच्या मूळ तपशिलावर ठेवली आहे. दुसरा म्हणतो, पेनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात गेलं की आपल्याला कोण विचारतो? कायदा केंद्राचा आहे, तो पुलावर उतरून परत जात नाही. जुन्या आदिलाबादेतल्या केरामेरी आणि चंद्रपूरच्या जिवतीमधल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे माणसाकडे दोन रेशनकार्डं सापडतील, पण गाडीची आरसी एकच. फेरफाराचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवलाय: इथल्या नव्या गाड्यांच्या पाटीवर आधी एपी ०१ होतं, मग टीएस ०१, मार्च २०२४ पासून टीजी ०१.

'कापसाचे ट्रकवाले सर्रास पाटे वाढवतात, त्यांचं काय?' हा आक्षेप वजनदार आहे, शब्दशः. पण पाटा वाढवला म्हणून मंजूर वजन वाढत नाही; जादा भाराचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि पुढे प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. त्यांचं चुकतंय म्हणून आपलं बरोबर होत नाही, आणि ते निदान कापूस तरी नेतात. राहिला शेवटचा मुद्दा: कोण पकडतंय? इथे ज्याला ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात तो बहुधा पकडणार नाही, त्याला ट्रक पुरून उरतात. पकडतो विम्याचा सर्व्हेअर. तो येतो अपघातानंतर, त्याच्यापाशी वेळ असतो, टेप असतो, आणि क्लेम नाकारायला त्याला एक ठोकळा पुरतो.

ज्याला उंचीच हवी त्याने ती शोरूममधून, पावतीसकट घ्यावी. मूळच्या टायरची नक्षी बघावी, हवा बघावी, दोर आणि फावडं डिकीत ठेवावं. आणि कुंटाल्याचं म्हणाल, तर नेरडीगोंड्यापासून आत धबधब्याच्या वाहनतळापर्यंत कुठलीही गाडी जाते. तिथून खाली पायऱ्या आहेत.