भर समुद्रातल्या नेटवर्करावांस

सेवेशी,
श्री. रा. रा. नेटवर्कराव जहाजकर,
मुक्काम : आलिशान क्रूझ, भर समुद्र (कुठल्याही देशाच्या हद्दीबाहेर)

सा. न. वि. वि.

आपल्यासारख्या थोरांना आमच्यासारख्यांनी पत्र लिहावं हे धाडसच. पण आपल्यामार्फत फोनवर बोलण्याची ऐपत आता उरलेली नाही, म्हणून कागद-पेन हाती घेतलं. राग नसावा.

प्रथम आभार आपल्या अगत्याचे. ठाणे-डोंबिवलीकडचा आमचा गट सिंगापूरहून पेनांग-फुकेतच्या क्रूझवर चढला तेव्हा जेवण कुठल्या डेकवर आणि पोहण्याचा तलाव कुठल्या, हेही आम्हाला धड ठाऊक नव्हतं. आपण मात्र आमच्या एकेका फोनची ओळख करून घेण्याच्या तयारीत होतात. मरीना बेचे दिवे मागे पडले, सिंगापूरच्या नेटवर्कची एकेक कांडी गळू लागली, फोन पोरका होणार, तेवढ्यात आपण त्याला कडेवर घेतलंत. न विचारता. न सांगता. आमच्याकडे इतक्या तत्परतेने धावून येणारा माणूस बहुतेक निवडणुकीला उभा असतो.

आपल्याला दार उघडं मिळालं, हे आमचं भाग्य. चांगी विमानतळावर टूर मॅनेजरने सगळ्यांकडून ‘डेटा रोमिंग’ चालू करून घेतलं होतं. त्याशिवाय परदेशाच्या पॅकमधला डेटा चालतच नाही. फोनमध्ये त्यासाठी बटण एकच. हे जमिनीवरचं, हे समुद्रावरचं, असा भेदभाव त्याला कळत नाही. आपणही तो केला नाहीत. जमिनीसाठी उघडलेल्या दारातून आपण पाण्यावरून आत आलात आणि पाहुण्यासारखे नव्हे, घरच्यासारखे वावरलात.

पॅक घेताना मंडळींनी काय कमी काळजी घेतली होती! सिंगापूर आहे ना? आहे. मलेशिया? आहे. थायलंड? तेही आहे. तीन देश तपासून झाले. या तिघांच्या मधोमध आपलं एक चौथं संस्थान आहे, हे शाळेच्या भूगोलात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ती उणीव आपण भरून काढलीत, आणि शिकवणी फुकट घेतली नाहीत हेही योग्यच.

आपल्या संस्थानाचा थाट खरोखर पाहण्यासारखा आहे. प्रत्येक देशाच्या मोबाइल नेटवर्कांना एक सांकेतिक क्रमांक असतो. भारताचे 404 आणि 405, सिंगापूरचा 525. जहाजावरच्या आपल्या मंडळींचा क्रमांक 901 ने सुरू होतो, आणि 901 हा कुठल्याच देशाचा नाही. तेव्हा देशांसाठी घेतलेला पॅक आपल्या दारात खोट्या नाण्याइतकाच चालतो. जहाजावर छोटे अँटेना बसवायचे, छतावरच्या तबकडीने ते उपग्रहाला जोडायचे, आणि किनारा मागे पडला, बहुधा बारा सागरी मैलांपलीकडे म्हणजे सुमारे 22 किलोमीटरवर गेला, की दुकान उघडायचं. बंदर जवळ आलं की तेच दुकान गुपचूप बंद. जिथे विचारणारं कुणी नाही नेमक्या तिथेच हजर राहण्याची ही शिस्त आमच्या किती खात्यांना जमली असती!

आपण स्वागताचा संदेश पाठवलात, त्याचेही ऋण विसरता येणार नाही. तो आला तेव्हा आम्ही आपले ग्राहक होऊन चुकलो होतो. एरवी आधी दर विचारतात, मग माल घेतात. आपण आधी माल दिलात, मग दर कळवलात, आणि तोही ‘प्रति एमबी’. आमच्या गटातल्या सत्तरीच्या मावशींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि ‘समुद्रावरसुद्धा शुभेच्छा येतात हो!’ म्हणून शेजारणीला दाखवला. एमबी म्हणजे किती, हे त्यांना कोण सांगणार? फोनने काढलेला सूर्यास्ताचा एक चांगला फोटो तीन-चार एमबी सहज खातो. मावशींना सूर्यास्त फार आवडतात.

आणि आपण कष्ट उपसता ते रात्री. प्रवासी झोपतात, आपण जागता. दिवसभरातले फोटो आपोआप वर चढत असतात. कुठलंतरी अॅप स्वतःला अद्ययावत करून घेतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळच्या गुलाबाची, आजीबाईंच्या बटव्याची आणि कुणाच्यातरी नातवाच्या गॅदरिंगची चित्रफीत येऊन पडते, ती न उघडताही उतरून घेतली जाते. मुंबईतला रिक्षावाला मीटर पाडतो तो आम्ही आत बसल्यावर, आमच्या डोळ्यांदेखत. आपण तर माणूस केबिनमध्ये घोरत असताना त्याच्या नावाने मीटर पळवता, आणि तो मीटर दिसेल अशी काचही कुठे ठेवत नाही. झोपलेल्या गिऱ्हाइकाची इतकी मनोभावे सेवा केलेली आम्ही पाहिली नाही.

फोन आला तरी पैसे आपण आमच्याकडूनच घेता, ही समानता तर भावली. भर समुद्रात आमच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मुंबईहून कॉल आला. पलीकडून गोड आवाजात विचारणा झाली, ‘सर, वैयक्तिक कर्ज हवंय का?’ सर सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळी योजना शांतपणे ऐकून घेतली. फोन घेतला तेव्हा त्यांना कर्जाची गरज नव्हती. ठेवला तेव्हा त्यांनी व्याजदर विचारला असता तर बरं, असं सगळ्यांना वाटलं.

काही नतद्रष्ट म्हणतील, मग भारतातलं सिम काढून का नाही ठेवलं? त्यांना आमच्या जगण्याची कल्पना नाही. घरचं वीजबिल भरायचं, तर ओटीपी त्याच सिमवर येतो. बँकेत काही हलवायचं, तरी ओटीपी तिथेच. सिम काढलं की आम्ही खात्यातून हद्दपार, ठेवलं की आपल्या तावडीत. या दोहोंच्या मधोमध आपण किती चपखल जागा निवडली आहे!

आपल्या खर्चाची बाजूही आम्ही समजून घेतो. भूस्थिर उपग्रह म्हणजे 35,786 किलोमीटर उंचीवर. ‘पोचलो’ हा एक शब्द एवढा वर जाऊन तेवढाच खाली यायचा, भाडं तर पडणारच. म्हणूनच बोलताना मधे ती अर्ध्या सेकंदाची शांतता पडते; दोघंही एकदम ‘हॅलो’ म्हणतात, दोघंही थांबतात, आणि मिनिट मात्र थांबत नाही. अलीकडे तर काही जहाजांवर स्टारलिंकची जोडणी आली, तिचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरच. शिवाय त्याच जहाजाच्या काउंटरवर वायफाय मिळतं, दिवसाचा दर ठरलेला, फलकावर लिहिलेला. तेही आकाशातूनच येतं. मग त्याला जमणारा फलक आपल्याला का जमत नाही, असं विचारायची जीभ होत नाही. भलतंच काही ऐकायला मिळायचं.

आपण न्यायीही तितकेच. युरोपीय संघाने 15 जून 2017 पासून तिथल्या मोबाइल ग्राहकांना संघातल्या कुठल्याही देशात घरच्याच दरात फोन वापरू दिला. पुढे ही सवलत 2032 पर्यंत वाढवली. भारतीय सिम घेऊन पॅरिस पाहायला गेलेल्याला तिचा उपयोग नाही, हे आम्ही मुकाट मान्य केलं. पण ती सवलत जमिनीवरच्या नेटवर्कापुरती आहे. तिथला माणूसही जहाजावर आपल्या कक्षेत आला की ती संपते. युरोपीय असो की डोंबिवलीकर, समुद्रात सगळे सारखे, हे तत्त्व आपण आचरणात आणलंत. समाजसुधारक मंडळी उगाच जमिनीवर कष्ट घेत राहिली.

किनाऱ्यावरचे आपले चुलतभाऊही काही कमी नाहीत. फुकेतचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. जहाजावर सिंगापूरचीच वेळ चालू असली, तरी फोन फुकेतच्या टॉवरला हात देताच स्वतःचे काटे निमूट एक तास मागे सारतो. इकडे जहाजावर परतण्याची वेळ पाच, आणि तिकडे बाजारात टी-शर्टचा भाव करणाऱ्याच्या फोनवर निवांत चार. जहाज कुणासाठी थांबत नाही. प्रवाशाला खरेदीसाठी एक जादा तास, आणि वर जमल्यास परतीचं विमान शोधण्याचा अनुभव! मनगटावरचं जुनं चावीचं घड्याळ ही सोय करू शकत नाही, म्हणून ते मागे पडलं.

आपलं घराणं जुनं आहे, हेही वाचकांना कळायला हवं. 1912 साली टायटॅनिकवर मार्कोनी कंपनीची माणसं बिनतारी यंत्र चालवत होती. प्रवाशाला निरोप पाठवायचा तर पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग, पुढे शब्दाला नऊ पेन्स. टायटॅनिक बुडाली त्या रात्री जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने बर्फ असल्याचं कळवलं, तेव्हा ऑपरेटर प्रवाशांचे साचलेले निरोप केप रेसच्या केंद्राला पाठवण्यात गढला होता. त्याने त्या जहाजाला गप्प केलं. बर्फाचा निरोप फुकटचा होता ना. समुद्रावर पैसे देणाऱ्या शब्दाचा मान मोठा, ही परंपरा आपण जपली आहे. फरक इतकाच की तेव्हाचा प्रवासी शब्द मोजून लिहीत होता, कारण दर त्याला आधी सांगितला जात होता.

परतल्यावरचा आपला संयम तर शिकण्यासारखा. फोटो दाखवून झाले, शेजाऱ्यांना चॉकलेटं वाटून झाली, आणि मग बिल आलं. आमच्या मोबाइल कंपनीला विचारलं, तर तिथल्या मुलाने अदबीने सांगितलं, ‘सर, ते जहाजाचं नेटवर्क आहे.’ जहाजाच्या कंपनीला विचारलं, तर तिथल्या मुलीने तितक्याच अदबीने सांगितलं, ‘सर, तुमच्या मोबाइल कंपनीशी बोला.’ दोघंही खरं बोलत होती. बिलाचा आकडा इथे छापत नाही. वाचकांत रक्तदाबाची माणसं असतील.

आता नम्र विनंती, मान्य करायलाच हवी असं नाही. फोनला कडेवर घेण्याआधी एकदा विचारावं : ‘हे समुद्रातलं नेटवर्क आहे, तुमचा पॅक इथे चालत नाही, दर इतका, येता का?’ ‘हो’ म्हणणाऱ्यालाच घ्यावं. ठरावीक रकमेला मीटर आपोआप थांबावा. हे करणं अवघड नाही. मध्यरात्री आमचा फोन शोधून काढणाऱ्याला एक प्रश्न विचारणं कसलं जड?

पण आपण ते करणार नाही, आणि त्यामागचं कारण आम्हाला समजतं. ज्याला दर आधी कळतो तो आपल्याकडे येत नाही. आपला सगळा धंदा आमच्या न कळण्यावर उभा आहे, आणि इथेच एक वाईट बातमी द्यावी लागते. मावशींना एमबी कळला. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सोसायटीच्या सभेत तो सगळ्यांना समजावून सांगितला. गटाच्या पुढच्या सहलीत टूर मॅनेजर जहाजाची पायरी चढण्याआधीच सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाकून घेणार आहे. वाटल्यास त्यावर वायफाय चालू करता येतं, हेही त्याला आता ठाऊक झालंय. आपल्या उत्पन्नात खोट येईल, त्याबद्दल दिलगीर आहोत.

कळावे.

आपला नम्र,
जहाजात बसून विमान मोडवर असलेला
एक प्रवासी