नावड्याच्या होतकरू गोचिडास यजमानप्राप्तीचे मार्गदर्शन

पनवेल तालुक्यातील नावडे येथे राहून यजमान मिळवू इच्छिणाऱ्या गोचिडाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की निसर्गाने त्याला पंख दिलेले नाहीत, उडी मारण्याजोगे पायही दिलेले नाहीत, आणि झाडावरून माणसाच्या टाळूवर झेप घेणाऱ्या गोचिडाची जी कथा सांगितली जाते ती त्याच्या कुळाला फुकट मिळालेली कीर्ती आहे. गोचीड हा कीटक नसून कोळी व विंचू यांचा भाऊबंद होय; अंड्यातून निघताना त्याला सहाच पाय असतात, उरलेले दोन पहिले रक्तभोजन उरकून कात टाकल्यावर मिळतात, त्यामुळे बढतीसाठी आधी यजमान गाठणे क्रमप्राप्त ठरते.

गाठणे म्हणजे धावणे नव्हे. हायलोमा गटातील प्रौढ गोचीड यजमानाची चाहूल लागताच जमिनीवरून त्याच्या मागे धावत सुटतात, परंतु बहुतेक जातींना हा उतावळेपणा परवडत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आखणीत भूखंड म्हणून नोंदलेल्या, पण पावसाळ्यात गुडघाभर गवताखाली जाणाऱ्या मोकळ्या जागेतून कुत्र्यागुरांची रोजची वाट कोठून जाते हे पाहून तिच्या कडेच्या काडीवर चढावे, मागच्या पायांनी काडी धरावी आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून ताटकळत राहावे. या पायांच्या टोकांशी हालर इंद्रिय नावाचा सूक्ष्म खळगा असतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास, अंगाची ऊब आणि हवेतील ओल त्यातून कळते, म्हणजे नाकाचे काम गोचीड पायांकडून करून घेतो. शेजारच्या तळोज्याच्या कारखान्यांच्या दर्पाविषयी रहिवासी वर्षानुवर्षे तक्रारी करीत आले आहेत. गोचिडाने त्या वादात न पडता केवळ उच्छ्वासावर लक्ष द्यावे. उन्हाने अंग सुकू लागल्यास खाली पाचोळ्यात उतरावे, लाळेच्या साहाय्याने दमट हवेतील बाष्प शोषून घ्यावे व पुन्हा चढावे. यजमानाच्या केसांवरील स्थिर विद्युतभार जवळच्या गोचिडाला हवेतील फटीपलीकडे ओढून घेऊ शकतो, असे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले आहे. तेव्हा शेवटचा टप्पा काही वेळा आपोआपही पार पडतो.

गुरांवरील गोचीड अळीपणापासून प्रौढपणापर्यंत एकाच जनावरावर राहतो, त्यामुळे त्याच्याकडून शिकण्यासारखे फारसे नाही. गायबगळ्यांपासून जपावे, इतकेच. खरा आदर्श मानावा तो कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाचा. त्याला गवताचीही गरज भासत नाही. तो तीनदा कुत्र्यावर चढतो, दर वेळी पोट भरताच खाली उतरतो, आणि उतरल्यावर जमिनीवर न रेंगाळता भिंतीवरून वर जाऊन गिलाव्याच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे दडतो. मादी तेथेच हजारो अंडी घालून मरते. गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी ठराव संमत करून बागेत फवारणी करवते, त्या वेळी जिन्याच्या छताजवळ नवी पिढी उबत असते. या जातीने कार्यकारिणीच्या दूरदृष्टीवर टाकलेला विश्वास आजवर सहसा वाया गेलेला नाही.

माणूस हा यजमान मात्र अडचणीच्या वेळीच पत्करावा. कर्नाटकातील क्यासनूर येथे 1957 मध्ये ओळखला गेलेला, गोचिडांमार्फत पसरणारा माकडताप 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात पसरला, तेव्हापासून काजूच्या बागांत जाणाऱ्यांच्या हातापायांना गोचीड दूर ठेवणारे तेल चोपडले जाऊ लागले. तो रोग वाहणारी जात मुख्यतः रानातली. परंतु बदनामी आडनावाकडे पाहून होत नाही, याची नावडेकर गोचिडाने जाणीव ठेवावी.

तरीही माणसावर चढणे भागच पडले, तर काख, जांघ किंवा कानामागची जागा निवडून मागे वळलेल्या काट्यांची सोंड आत रोवावी. लाळेतील बधिर करणाऱ्या द्रव्यामुळे यजमानाला बराच काळ पत्ता लागत नाही. पत्ता लागल्यावर त्याने रॉकेल ओतले किंवा काडीचा चटका दिला, तर जाता जाता लाळ जखमेत सोडण्याची संधी साधावी. कातडीलगत पकडून सरळ वर ओढणारा बारीक टोकाचा चिमटा तेवढा घातक ठरतो. तो घरात आहे की नाही, याची चौकशी चढण्यापूर्वीच करून ठेवावी.